खळं

येमूलमामांनी चार माग किलोवर भंगारात घातले
आणि पुण्याहून आणली दोन दारांची लाल गाडी,
बुटकी, जमिनीला पोट लावून चालणारी,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली.
नीलम नगरात कुणी काही बोललं नाही,
म्हणजे सगळेच बोलले.

अक्कलकोट रोडला माझ्या टपरीसमोर थांबवून म्हणाले,
"इलाही, हिला कड्या बसव.
हेडलाइटच्या आत पेटतात बघ, गोल."

मी खोकी उघडली.
पांढरी: "दवाखाना."
निळी: "वरात काढलालास का बे?"
मोबाईलवर रंग बदलणाऱ्या कडीकडे तर
चादरीत सुटलेल्या धाग्याकडे बघावं तसं बघितलं.
काचेच्या नळीची जुन्या पद्धतीची एक होती,
तिच्यावर मात्र बोट फिरलं.
"उजेड मऊ आहे की हिचा."
"पण लवकर मरते, मामा. वर्ष, दीड वर्ष."
ते हसले नाहीत. खोकं मिटलं.

शेवटी पिवळी. चिप्सची, वर दुधी झाकणाची.
मी पट्टी शोधेपर्यंत त्यांनी
दिव्यावर बोटं लावून सांगितलं, "ऐंशी मिलिमीटर."
पट्टीही ऐंशीच म्हणाली.

"पिवळीच का?"
"रात्रपाळीला मागावर हाच बल्ब लोंबायचा.
ह्याच्यात मरून आणि काळा एकच दिसतो.
एकदा अख्खं बीम चुकवलं, पगार कापला मालकानं."
थोडं थांबून: "तरी हीच."

बंपर उतरवला, दोन क्लिपा तुटल्या, त्या मी खिशात लपवल्या.
दिवा हातात आला, पण काच सुटेना.
आतला काळा डिंक भाजल्याशिवाय सोडत नाही,
आणि माझ्याकडे कुठली भट्टी?

भट्टी शिवलिंगप्पा हत्तुऱ्यांची, गल्लीच्या तोंडाला.
टोस्टची शेवटची खेप निघाली तेव्हा रात्रीचे अकरा.
"हे काय भाजायला आणलालाव?"
मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला,
मग तोच हात भट्टीत धरला,
कन्नडमध्ये सातपर्यंत मोजून म्हणाले, "अजून गरम आहे. चहा घ्या."
दुसऱ्यांदा वीसपर्यंत मोजलं.
तेव्हा लाकडी फळीवर, खारीच्या रांगेत ठेवावा तसा,
दिवा आत सरकला.

दहा मिनिटं तिघंही बोललो नाही.
मामा फळीचा दांडा धरून उभे,
जणू आत काही ओरडलं तर ऐकू यावं.

काच उघडली. डिंकाच्या काळ्या तारा लांबल्या, तुटल्या.
मामांनी त्या तारा बोटावर गुंडाळून घेतल्या,
सवयच ती.
कडी बसवली, वायर मागून काढली,
पार्किंगच्या लाइनला जोडली, फ्यूज वेगळा दिला.
उलटी जोडली होती. पुन्हा सुलटी केली.
दुसरा दिवा होईस्तोवर पहाटेची भांडी वाजायला लागली.

पेटवल्या तेव्हा अजून अंधार होता.
मामा गाडीत बसले नाहीत,
समोरच्या कट्ट्यावर बसले, गाडीकडे तोंड करून.
सत्तम्मामामी विड्यांचं सूप तसंच घेऊन बाहेर आल्या,
बघून म्हणाल्या, "खळं पडलंय की ओ."
नंतर आभाळात बघितलं, चंद्र नव्हताच,
आणि पानाला कात्री लावत तिथंच बसल्या,
त्या उजेडात.
मोजून पंचवीस विड्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी डाव्या काचेत आतून दव.
डिंक माझ्याच हातून कमी पडलेला.
"पैसे नकोत मामा, पुन्हा खोलतो."
"पैशाचं कोण बोललालाय?"

आता बेकरीच्या पायरीवर आम्ही दोघं.
मामांच्या मांडीवर दिवा, जुन्या चादरीत गुंडाळलेला,
वरची काच तेवढी उघडी.
आतून हत्तुरे ओरडतात, "टोस्ट संपू द्या आधी!"
समोर एका डोळ्याची लाल गाडी.
मामा चादरीचं टोक ओढून
काच झाकतात.
थोड्या वेळानं पुन्हा उघडतात.